आईला पिंजऱ्यातून सतरंजीवर यायला किती वर्षं लागली?

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे बालवर्गाचे प्रवेश चालू होते. एक बाई साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा आल्या आल्या टेबलाखाली बसला आणि डब्याचं स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवू लागला. थांबलं की पुन्हा फिरवायचा. मी नाव विचारलं, दोनदा विचारलं, त्याने वर पाहिलंही नाही. मग मी त्याच्या आईला विचारलं, "घर में मोबाइल बहुत देते क्या इसको?" बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "टीचर, सब लोगां मेरेकूच पूछते."

सासू विचारते, नणंद विचारते, दवाखान्यात रांगेत बसलेली अनोळखी बाईही विचारते. पोटात असताना काय खाल्लंस, ग्रहणात काय कापलंस, पोराला वेळ देतेस का, त्याच्याशी बोलतेस का. आता त्यात शाळेतल्या टीचरची भर पडली. मी बी.एड. केलं तेव्हा स्वमग्नतेबद्दल जेमतेम अर्धं पान वाचलं होतं, तेही परीक्षेपुरतं. त्या दिवशी घरी आल्यावर मनात आलं, हा प्रश्न माझ्या तोंडात आला कुठून? शोधत गेले तर त्याला बराच मोठा इतिहास निघाला. त्या इतिहासात एक विचित्र वळण आहे. ज्या आईवडिलांना वीस-पंचवीस वर्षं मुलाच्या आजाराचं कारण ठरवलं गेलं, त्यांनाच पुढे जमिनीवर बसून मुलाशी खेळायला सांगितलं गेलं, आणि त्या खेळाने मुलांचा संवाद वाढतो हे मोजूनमापून दाखवलं गेलं.

तेहतीस पानांचं पत्र

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक पत्र आलं. तेहतीस पानांचं, टाइप केलेलं. लिहिणारे बीमन ट्रिपलेट वकील होते, आणि पत्र त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल, डॉनल्डबद्दल होतं. मूल एक वर्षाचं असताना गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत धार्मिक प्रश्नोत्तरं पाठ म्हणायचं, आपल्याकडे एखादं लहान मूल छोट्या सूरा घडाघडा म्हणून दाखवतं तसं. पण आईकडे झेपावायचं नाही, कुणी आलं-गेलं तर ढुंकून पाहायचं नाही. एकटं सोडलं की सर्वांत खूश. ठोकळे, भांडी, जे हाताला लागेल ते फिरवत बसायचं.

त्याआधी 'वातावरण बदलावं' म्हणून या मुलाला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणलं, तेव्हा संस्थाचालकाचं मत होतं की त्याला आहे तसा राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही.

पत्र वाचणारे डॉक्टर लिओ कॅनर होते, अमेरिकेत बालमानसोपचार या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९४३ साली त्यांनी अशा अकरा मुलांवर लेख लिहिला, आठ मुलगे आणि तीन मुली. स्वमग्नता ही वेगळी अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात स्थिरावली ती या लेखामुळे. लेखातला पहिला मुलगा 'डॉनल्ड टी.' हाच. त्याच्याबद्दलचं कितीतरी वर्णन थेट वडिलांच्या पत्रातून घेतलेलं आहे. म्हणजे स्वमग्नतेचं जे पहिलं नीट वर्णन जगापुढे आलं, त्यातला मोठा भाग घरी बसून मुलाला न्याहाळणाऱ्या आईबापांचा होता.

आणि त्याच लेखात कॅनर यांनी एक दुसरी नोंद केली. या पालकांनी मुलांबद्दल किती बारीकसारीक लिहून ठेवलंय, यातच त्यांचा अतिरेकी स्वभाव दिसतो, अशा अर्थाची. अकरा घरांत खरोखर प्रेमळ म्हणावेत असे आईवडील फार थोडे, असंही त्यांनी लिहिलं. लेखाचा शेवट मात्र त्यांनी ही मुलं जन्मतःच असा अभाव घेऊन येतात, असाच केला होता. हे शेवटचं वाक्य लोक विसरले आणि मधलं लक्षात ठेवलं. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे की, पालकांनी बारकाईने पाहिलं म्हणून डॉक्टरांना आजार दिसला, आणि बारकाईने पाहिलं म्हणूनच पालक संशयित झाले.

बर्फाची आई

पुढे कॅनर स्वतःच घसरले. १९४९ च्या लेखात त्यांनी या मुलांच्या घरांना न वितळणाऱ्या फ्रिजची उपमा दिली. त्याआधीच, १९४८ साली, 'टाइम' साप्ताहिकाने 'गोठलेल्या मुलां'बद्दल छापलं होतं. तिथून 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. लक्षात घ्या, शब्द 'मदर' आहे. वडिलांनाही थंड म्हटलं गेलं होतं, पण शिव्या वाटायची वेळ आली तेव्हा ते वाटणीतून सुटले.

महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. मुलाचं काहीही बिघडलं की बालपण उकरायचं आणि बालपणात आई शोधायची. या विचाराला सर्वांत मोठा आवाज मिळाला ब्रुनो बेटेलहाइम यांच्यामुळे. ते ऑस्ट्रियातले ज्यू. डाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांमधून वाचून अमेरिकेत आले आणि शिकागो विद्यापीठाची ऑर्थोजेनिक स्कूल चालवू लागले. १९६७ साली त्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक आलं आणि खूप गाजलं. स्वमग्न मुलाची अवस्था त्यांनी छावणीतल्या कैद्याच्या अवस्थेशी जोडली. मग छावणीचा पहारेकरी कोण, हे वाचकाला वेगळं सांगायची गरज उरली नाही. उपाय काय? मुलाला आईबापांपासून तोडा आणि शाळेत ठेवा. बेटेलहाइम १९९० साली वारले. त्यानंतर त्यांच्या काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेत मारहाण होत होती असे आरोप केले आणि त्यांच्या यशाच्या दाव्यांवरही प्रश्नचिन्ह लागलं. तोवर कितीतरी आया स्वतःला गुन्हेगार मानून जगून गेल्या होत्या.

डॉनल्डचं काय झालं, तेही इथेच सांगते. १९४० च्या दशकात काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्यांनी कुठलंही मानसशास्त्र वाचलेलं नव्हतं. मुलाला सतत काहीतरी मोजायचं वेड होतं. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरताना मोज म्हणाले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी शेतात छोटी दफनभूमी करून दिली. हे सगळं कॅनर यांनी तिथे जाऊन पाहिलं आणि १९७१ साली लिहून ठेवलं. मुलाचं वेड मोडायचं नाही, त्यात आपण शिरायचं आणि तिथून त्याला एक पाऊल पुढे न्यायचं, ही पुढच्या सगळ्या खेळ-पद्धतींची मूळ कल्पना एका शेतात आधीच वापरून झाली होती. डॉनल्ड पुढे कॉलेज शिकला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला.

पालकांचं बंड

आरोप खोटा आहे हे सिद्ध कुणी केलं? तो सोसणाऱ्यांनीच. बर्नार्ड रिमलंड अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. मुलगा मार्क १९५६ साली जन्मला आणि स्वमग्न निघाला. बायकोकडे पाहून हिच्यामुळे मूल असं झालं हे त्यांना पटेना. त्यांनी मिळेल ते संशोधन वाचून काढलं आणि १९६४ साली 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहिलं. आईच्या थंडपणाचा सिद्धांत पुराव्याविना उभा आहे आणि कारण मेंदूत शोधायला हवं, असं त्यांनी मांडलं. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली होती. देशभरच्या पालकांनी ती भरून रिमलंडना पाठवली. पुन्हा तेच: घरातून निघालेली पत्रं. फरक एवढाच की या वेळी वाचणारा स्वतः एक बाप होता.

१९६५ साली रिमलंड, रूथ ख्राइस्ट सलिव्हन आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संघटना उभारली. लंडनमध्ये हे त्याआधी, १९६२ सालीच झालं होतं. तिथे पुढाकार घेणाऱ्यांत लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, ज्यांची मुलगी सूझी स्वमग्न होती. १९६९ साली अमेरिकी संघटनेच्या अधिवेशनात वृद्ध कॅनर बोलायला उभे राहिले आणि पालक म्हणून मी तुम्हाला दोषमुक्त करतो, अशा अर्थाचं जाहीर केलं. सभागृह उठून उभं राहिलं. मला मात्र हा प्रसंग वाचताना थोडा रागच येतो. दोषमुक्त न्यायाधीश करतो. इथे न्यायाधीशच आरोप लावणाऱ्यांपैकी एक होता.

(रिमलंडना मी डोक्यावर घेत नाही. उतारवयात ते लसीमुळे स्वमग्नता होते या चुकीच्या मताच्या मागे लागले. ज्या माणसाने पुराव्याच्या जोरावर एक अंधश्रद्धा मोडली, तोच दुसरीच्या नादी लागला. इतिहासात अशी माणसं असतात.)

१९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही स्वमग्नता असण्याचं प्रमाण वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षा स्पष्ट जास्त होतं. अनुवंशाचा भाग आहे हे दिसलं आणि आईच्या स्वभावाचा मुद्दा शास्त्रापुरता संपला. घराघरांत तो संपलेला नाही, हे मी जूनमध्ये स्वतःच सिद्ध केलं.

आरशामागे बसलेले आईवडील

मुक्त झालेल्या पालकांनी करायचं काय, हा पुढचा प्रश्न होता. क्लारा क्लेबोर्न पार्क या मॅसॅच्युसेट्समधल्या इंग्रजीच्या प्राध्यापक. त्यांची चौथी मुलगी १९५८ साली जन्मली. फरशीवरच्या एका बिंदूभोवती स्वतःच्याच आनंदात रांगत फिरणारी. घरात असून कुठे नसलेली. पार्क यांनी तिच्याशी दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं छोटे छोटे खेळ खेळत तिच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला आणि तो सगळा 'द सीज' या पुस्तकात लिहिला. गंमत म्हणजे हे पुस्तकही १९६७ चंच, बेटेलहाइम यांच्या पुस्तकाच्या वर्षाचं. एकाच वर्षी एक नामवंत आईला किल्ल्याबाहेर हाकलत होता आणि एक आई किल्ल्याला वेढा घालून बसली होती. मुलगी पुढे चित्रकार झाली.

पार्क यांच्यापाशी शिक्षण होतं, वेळ होता, पाठीशी नवरा होता. बाकीच्यांचं काय? याचं उत्तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शोप्लर यांनी शोधलं. शोप्लर हेही जर्मनीतून लहानपणी पळून आलेले ज्यू, आणि त्यांची पीएच.डी. शिकागोचीच. बेटेलहाइम यांचं काम त्यांनी जवळून पाहिलं आणि नेमकी उलट दिशा धरली. १९६६ पासून रॉबर्ट रायक्लर यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग सुरू केला. उपचारक मुलाबरोबर काम करायचा तेव्हा आईवडील एकतर्फी आरशामागे बसून पाहायचे. नंतर पालक मुलाबरोबर काम करायचे आणि उपचारक पाहायचे. पालकांना त्यांनी सह-उपचारक म्हटलं. १९७२ साली त्या राज्याने हा कार्यक्रम सरकारी केला. 'टीच' नावाने तो आज जगभर ओळखला जातो.

याच काळात लॉस एंजेलिसला इव्हार लोवास टेबल-खुर्चीवर मुलांना बक्षीस आणि शिक्षा यांच्या जोरावर बोलायला शिकवत होते. शिक्षेत चापट होती, आरडाओरडा होता, काही प्रयोगांत विजेचा झटकाही होता. त्यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ पैकी ९ मुलं शाळेत सर्वसाधारण मुलांसारखी चालू शकली, असा दावा होता आणि त्यावर आजही वाद आहे. मला त्यांचं १९७३ चं एक निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. प्रशिक्षण संपल्यावर ज्या मुलांना संस्थेत पाठवलं, ती शिकलेलं विसरली. ज्यांच्या आईवडिलांना शिकवून मुलांना घरी पाठवलं, त्यांचं टिकलं. ज्याने टेबलावर भरवसा ठेवला, त्याच्याच नोंदी घराच्या बाजूने बोलत होत्या.

कुक खेळण्यात काय असतं

आता खेळाकडे येते. जेरोम ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ १९७२ साली हार्वर्ड सोडून ऑक्सफर्डला गेले, तेही स्वतःची शिडाची होडी चालवत अटलांटिक ओलांडून. तिथे त्यांनी आई आणि तान्ह्या बाळांचे खेळ बारकाईने पाहिले. आपण पदराआड तोंड लपवून 'कुक' करतो ना, तोच खेळ. ब्रूनर यांना दिसलं की बाळ त्यातून पाळी शिकतं: आता तू, आता मी. वाट बघणं शिकतं. काय होणार हे ओळखायला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायला शिकतं. बोलण्याचा सांगाडा शब्दांच्या आधी खेळात तयार होतो. १९७५ साली त्यांनी मायकेल स्केफ यांच्यासोबत दाखवलं की बाळ मोठ्या माणसाच्या नजरेच्या मागे नजर नेतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे पाहणं, हा भाषेचा उंबरठा आहे.

आपल्या आज्या हे न वाचता करत आल्या. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणं, हाताची बोटं एकेक करून मिटवणं, काखेपर्यंत गुदगुल्या नेणं आणि मधेच थांबणं. त्या थांबण्यात सगळं असतं. बाळ हसून वर बघतं, म्हणजे 'पुढे कर' असं म्हणतं.

स्वमग्न मुलात नेमकं इथेच अडतं. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये मॅरियन सिगमन आणि पीटर मंडी यांनी दाखवलं की ही मुलं हवं ते मागण्यासाठी खूण करतात, पण नुसतं दाखवण्यासाठी, 'ते बघ' म्हणण्यासाठी बोट फार कमी वापरतात. लंडनमध्ये लॉर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी १९७९ च्या कॅम्बरवेलच्या पाहणीत सामाजिक वागणं, संवाद आणि कल्पनेचा खेळ हे तिन्ही एकत्र अडखळतात हे मांडलं होतं. मग प्रश्न साधा होतो. पाठ घेऊन शब्द शिकवत बसण्यापेक्षा, अडलेला तो खेळच पुन्हा सुरू केला तर?

यातून वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. माँट्रियलमध्ये १९७५ साली अयाला मॅनोलसन या वाचा-उपचारकाने पालकांचे गट सुरू केले. मुलाला एकटं खोलीत घेऊन शिकवण्यापेक्षा आईला शिकवणं जास्त उपयोगी, हा त्यांचा अनुभव. त्यांची शिकवण तीन क्रियांत मावते: बघा, थांबा, ऐका. अमेरिकेत स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांनी 'फ्लोअरटाइम' आणला. नावातच सांगितलंय, जमिनीवर बसा. कॉनी कसारी यांनी एकत्र लक्ष आणि नाटुकल्या खेळावर भर देणारी पद्धत विकसित केली आणि ती लहान मुलांच्या पालकांना शिकवूनही तपासली.

प्रत्यक्षात करायचं काय? टेबलाखालच्या त्या मुलाचंच उदाहरण घेते. त्याच्या हातून झाकण काढून घ्यायचं नाही आणि 'हे काय आहे? रंग कोणता?' असं विचारायचं नाही, जी आम्हा शिक्षकांची खोड आहे. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. काही वेळ फक्त पाहायचं. दुसरं झाकण घेऊन आपणही फिरवायचं. झाकण फिरताना एकच शब्द म्हणायचा, 'घूमा'. पडलं की 'गिरा'. मग हात झाकणावर ठेवून थांबायचं. पाच सेकंद, दहा सेकंद. आईला हे दहा सेकंद फार लांब वाटतात. मुलाने नुसतं वर पाहिलं, हात पुढे केला, आवाज काढला, तरी ते बोलणं समजून लगेच उत्तर द्यायचं. एवढंच. लिहायला सोपं, करायला अवघड, कारण मोठ्या माणसाला गप्प बसवत नाही.

मँचेस्टर, मग गोवा आणि रावळपिंडी

हे सगळं खरंच चालतं का, याची कडक तपासणी व्हायला २०१० साल उजाडलं. मँचेस्टरचे जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी लंडन, मँचेस्टर आणि न्यूकॅसल इथल्या १५२ मुलांवर प्रयोग केला. मुलं दोन ते जवळपास पाच वर्षांची. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय 'पॅक्ट' ही पद्धत. त्यात आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि उपचारकाने तो पालकांसोबत बसून पाहायचा. चूक दाखवायला नाही. 'इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत, पाहिलंत?' हे दाखवायला. घरी रोज अर्धा तास खेळ. निकाल असा की पालक मुलाच्या सुरात सूर मिळवून वागू लागले, मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली, पण स्वमग्नतेच्या लक्षणांच्या मोजमापात ठोस फरक दिसला नाही. अनेकांची निराशा झाली. मग सुमारे सहा वर्षांनी त्यांतल्या १२१ मुलांना पुन्हा तपासलं. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अहवालात लक्षणांची तीव्रता खेळ-गटात कमी आढळली. मुलं 'बरी' झाली नव्हती, आणि तसा दावाही कुणी केला नाही.

तीस वर्षांपूर्वी आईच्या वागण्याकडे बोट दाखवणारा कॅमेरा झाला असता. इथे तोच कॅमेरा आईला तिचं चांगलं वागणं दाखवत होता. १९३८ च्या पत्रातलं ते बारीक निरीक्षण इथे पहिल्यांदा औषध म्हणून वापरलं गेलं.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो पुढचा प्रयोग. इंग्लंडमध्ये हे काम प्रशिक्षित वाचा-उपचारक करतात. आपल्याकडे ते आहेत किती आणि कुठे? गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक एकत्र आले. गोव्यात गौरी दिवाण, रावळपिंडीच्या बाजूने लिव्हरपूल विद्यापीठातले आतिफ रहमान. रहमान यांनी त्याआधी रावळपिंडीच्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने बाळंतपणातल्या नैराश्यावर काम केलेलं होतं. त्यांनी पॅक्ट दक्षिण आशियासाठी बदलून घेतली. नाव 'पास'. डॉक्टर किंवा उपचारक नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी ती द्यायची. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. २०१६ सालच्या अहवालानुसार आईवडिलांचं मुलाच्या सुरात वागणं वाढलं आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. एक गोष्ट उलटी गेली, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ कमी झाला. संशोधकांनी ते लपवलं नाही, म्हणून मला त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर भरवसा वाटतो.

दोन देशांमध्ये क्रिकेटचा सामना ठरवायला वर्षं लागतात. त्याच काळात पणजी आणि पिंडीच्या आया एकाच कागदावरच्या सूचना वाचून जमिनीवर बसत होत्या. याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत मी तरी पाहिली नाही.

आपल्या घरात

भारतात स्वमग्नतेला कायद्यात जागा मिळायलाही वेळ लागला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात तिचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं, आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पक्कं झालं. दिल्लीत मेरी बारुआ या आईने १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली आणि आईवडिलांना शिकवणं हा तिचा कणा ठेवला. इथेही पालकच पुढे होते.

दोन गोष्टींची मला काळजी वाटते. पहिली भाषेची, आणि ती माझ्या पेशाची आहे. त्या जूनमधल्या आईला एका ठिकाणी सांगितलं होतं की मुलाशी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, घरची उर्दू बंद करा, मुलाचा गोंधळ होतो. तिला इंग्रजी येत नाही. तेव्हापासून ती मुलाशी 'कम', 'गो', 'सिट' एवढंच बोलत होती. आईची भाषा काढून घेतली तर खेळ कशाच्या जोरावर खेळायचा? माँट्रियलच्या एका अभ्यासात (२०१२) दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे पडलेली आढळली नाहीत. मी तिला एवढंच सांगितलं की तुमच्या अम्मीने तुम्हाला ज्या बोलीत खेळवलं, त्याच बोलीत खेळवा. मराठी मी बघते.

दुसरी काळजी ओझ्याची. खेळ आईने करायचा असं ठरलं की पुढे कुणीतरी म्हणणारच, मूल बोलत नाही म्हणजे तुम्ही रोज अर्धा तास बसला नाहीत. बर्फाची आई गेली आणि आळशी आई आली. पालकांनी मदत करू शकणं आणि पालकांमुळे आजार होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कार्यशाळांमध्ये बोलणाऱ्यांच्या जिभेवर तो पुसट होतो. शिवाय स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांचंही एक म्हणणं आहे. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली टोरंटोच्या परिषदेत पालकांना सुनावलं होतं की आमच्यासाठी शोक करू नका. आम्ही हरवलेलं मूल नाही, आम्ही असेच आहोत. खेळ मुलाला 'नॉर्मल' दाखवण्यासाठी असेल, तर तो टेबल-खुर्चीचाच नवा अवतार होईल.

त्या बाईंना मी गोव्याच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "आधा घंटा किस टाइम पे, टीचर?" दोन खोल्या, नऊ माणसं, सकाळी पाण्याची वेळ, दुपारी शिलाई मशीन. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर त्यांच्या सासूबाईंनी काढलं, त्याच ज्या ग्रहणाबद्दल विचारायच्या. दुपारी जोहरनंतर त्या मुलासमोर चटईवर बसू लागल्या, दोन झाकणं घेऊन. गुडघे दुखतात म्हणून पाठीला उशी. थांबायचं कसं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. वयाने त्यांना घाईच उरलेली नव्हती.

मुलगा अजून बोलत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे हेलपाटे चालू आहेत, आणि आमच्या बालवर्गात चाळीस मुलांमागे एक बाई आहे, ती परिस्थितीही तशीच आहे. नोव्हेंबरमध्ये दादी त्याला शाळेत सोडायला आल्या होत्या. वर्गातला पंखा मी चालू केला. त्याने दादीची ओढणी ओढली आणि पंख्याकडे बोट दाखवलं.